टेक्सासचा निकाल मार्चमध्येच लागतो

1994 नंतर टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला राज्यव्यापी एकही पद जिंकता आलेलं नाही. गव्हर्नर, सिनेटर, अ‍ॅटर्नी जनरल, इतकंच काय, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही तिथे निवडणुकीने येतात आणि तेही रिपब्लिकनच असतात. नोव्हेंबरमध्ये मतदान रीतसर होतं, पाट्या लागतात, टीव्हीवर आकडे झळकतात. पण राज्यव्यापी पद कोणाकडे जाणार हे बहुतेक वेळा मार्चमध्ये, रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानातच, ठरून गेलेलं असतं.

आपल्याकडे तिकीट वरून येतं. यादी दिल्लीहून निघते, नाराज मंडळी अपक्ष अर्ज भरतात, मग माघारीच्या दिवसापर्यंत मनधरणी चालते. टेक्सासमध्ये तिकीट मतदार देतात. त्यासाठी पक्षाचं सदस्यत्व लागत नाही. केंद्रावर जाऊन कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी तेवढं सांगायचं. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत मे महिन्यात दुसरी फेरी. आणि बंडखोरीची सोय कायद्यानेच बंद केलेली आहे: प्रायमरीत हरलेल्याला त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच पदासाठी अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही. आपल्याकडच्या किती प्रदेशाध्यक्षांना हा कायदा हवाहवासा वाटेल!

वरवर पाहता ही अधिक लोकशाहीवादी पद्धत. अडचण आहे ती गर्दी नसण्याची. 2022 मध्ये टेक्सासमध्ये सुमारे 1 कोटी 72 लाख मतदार नोंदलेले होते. मार्चच्या प्रायमरीला दोन्ही पक्षांचे मिळून 30 लाखांच्या आसपास आले, त्यातले रिपब्लिकन सुमारे साडेएकोणीस लाख. दुसऱ्या फेरीत तर केंद्रं आणखी ओस पडतात. टेड क्रूझ 2012 मध्ये सिनेटवर गेले, तेव्हा पहिल्या फेरीत लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट त्यांच्या दहा टक्के पुढे होते. त्या वर्षी लांबून ऐन जुलैच्या उन्हाळ्यात झालेल्या दुसऱ्या फेरीत क्रूझना सुमारे 6 लाख 31 हजार मतं पडली आणि ते जिंकले. राज्यात मतदार 1 कोटी 30 लाख. म्हणजे वीस मतदारांतल्या एकाने अमेरिकेचा एक सिनेटर ठरवला. नोव्हेंबरचा विजय हा उपचार होता.

गंमत म्हणजे टेक्सासला हे नवं नाही, फक्त पक्ष बदलला आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ सरल्यापासून जवळजवळ शंभर वर्षं तिथे डेमोक्रॅट्सची अशीच मक्तेदारी होती. खरी निवडणूक प्रायमरीत होते हे ओळखूनच 1923 मध्ये विधिमंडळाने कायदा केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत देता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये खुशाल द्या, तिथे काही ठरत नाही! एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन कोर्टात गेले आणि 1927 मध्ये जिंकले. राज्याने पवित्रा बदलला: कायदा नको, पक्षच ठरवेल कोणाला घ्यायचं ते. पक्ष ही खासगी संघटना आहे, हा युक्तिवाद 1935 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यही केला. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात थरगुड मार्शल यांनी बाजू मांडली, तेव्हा कुठे 1944 मध्ये हा निकाल फिरला.

तरीही फोर्ट बेंड काउंटीतल्या जेबर्ड असोसिएशनने पळवाट शोधलेलीच होती. 1889 मध्ये स्थापन झालेली ही केवळ गोऱ्यांची संघटना डेमोक्रॅटिक प्रायमरीच्या आधी आपली स्वतःची निवडणूक घ्यायची. तिथे जिंकलेला उमेदवार प्रायमरीत बहुधा बिनविरोध आणि पुढे नोव्हेंबरमध्येही निश्चिंत. प्रायमरीच्या आधीची ही प्रायमरी बंद करायला 1953 साल उजाडलं. आज त्याच काउंटीतल्या शुगर लँडमध्ये भारतीयांची मोठी वस्ती आहे.

त्या काळातला सर्वांत गाजलेला घोटाळाही प्रायमरीचाच. 1948 मध्ये लिंडन जॉन्सन यांनी सिनेटच्या उमेदवारीची दुसरी फेरी 87 मतांनी जिंकली, जवळपास दहा लाख मतांतून. मतदानानंतर काही दिवसांनी अ‍ॅलिस गावच्या 13 नंबरच्या पेटीत दोनशेच्यावर मतं ‘सापडली’. मतदारयादीत ही नावं एकाच हस्ताक्षरात आणि वर्णानुक्रमे लिहिलेली होती. नोव्हेंबरमध्ये जॉन्सन यांनी रिपब्लिकन उमेदवाराला किती मतांनी हरवलं, हे आज कुणाला आठवतही नाही.

एका पक्षाचं वर्चस्व असलं की राजकारणी निवांत होतात असा आपला समज. उलट होतं. भीती फक्त नोव्हेंबरकडून मार्चकडे सरकते. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या 21 रिपब्लिकन आमदारांनी खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा देणारी तरतूद डेमोक्रॅट्सच्या साथीने हाणून पाडली. यातले बरेचसे ग्रामीण भागातले. तिथे सरकारी शाळा म्हणजे गावातला मोठा रोजगार आणि शुक्रवार रात्रीचं फुटबॉल. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी स्वपक्षीय आमदारांविरुद्धच मोहीम उघडली; पेनसिल्व्हेनियाचे धनिक जेफ यास यांनी त्यांना 60 लाख डॉलर दिले. 2024 च्या प्रायमरीत डझनाहून अधिक विद्यमान रिपब्लिकन आमदार पडले. सभापती डेड फेलन चारशेपेक्षा कमी मतांनी तरले. पुढच्या वर्षी हेच विधेयक आलं, तेव्हा विरोधात मत देणारे रिपब्लिकन उरले फक्त दोन. त्यातले एक फेलन.

मला याहून जास्त खटकतं ते न्यायाधीशांचं प्रकरण. राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं की अ‍ॅटर्नी जनरलला निवडणूक गैरप्रकारांचे खटले परस्पर चालवता येणार नाहीत. निर्णय आठ विरुद्ध एक, आणि आठही न्यायाधीश रिपब्लिकन. अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी 2024 च्या प्रायमरीत यातल्या तिघींविरुद्ध प्रचार केला. तिघीही हरल्या, त्यांत तीन दशकं न्यायालयात असलेल्या मुख्य न्यायाधीश शॅरन केलर होत्या. डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देणाऱ्याला या वादात बोलायला जागाच नव्हती.

हे एकट्या रिपब्लिकनांचं दुखणं नाही. डेट्रॉइट शहर डेमोक्रॅट्सचं. तिथे ऑगस्ट 2022 मध्ये, बेळगावात वाढलेले आणि मराठी वाचकांना ‘ही श्रीची इच्छा’मुळे ठाऊक असलेले श्री ठाणेदार नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत सुमारे 28 टक्के मतांवर जिंकले. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांना सत्तर टक्क्यांवर मतं पडली, कारण तिथे ती पक्षाला पडतात. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटला सुमारे सात दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहिला नाही. ठाणेदारांनी नियम मोडला नव्हता. नियमच असा आहे.

कॅलिफोर्नियाने 2012 पासून सर्व पक्षांची एकच प्रायमरी करून पहिल्या दोघांना पुढे पाठवायला सुरुवात केली, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. टेक्सासचा कल उलटा आहे. रिपब्लिकन पक्षाने 2024 च्या अधिवेशनात प्रायमरी केवळ स्वपक्षीय मतदारांपुरती ठेवण्याचा नियम केला. डेमोक्रॅट्स येऊन मवाळ उमेदवार निवडून देतात ही त्यांची तक्रार, आणि आधार आहे संघटना-स्वातंत्र्याचा: आमचा उमेदवार आम्हीच ठरवणार. यात वर्णभेद नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण पक्ष ही खासगी संघटना आहे हा जुना मुद्दा टेक्सासमध्ये पुन्हा जोर धरतो आहे, आणि या वेळीही ज्या दाराशी वाद आहे, त्याच्या आतच राज्याचा गव्हर्नर ठरतो.