आईच्या तोंडातलं घर

दोस्तांनो, तुमची आई तीन आठवडे घास न घेता राहील का? का, तर तिच्या तोंडात तुम्हीच मुक्काम ठोकलाय म्हणून! हसू नका. आपल्या उजनी धरणात अशी आई खरोखर आहे. तिचं नाव चिलापी.

बाजारात टोपलीतला हा राखाडी मासा तुम्ही पाहिला असेल. त्याचं मूळ गाव आफ्रिका. १९५२ साली मोझांबिक चिलापी श्रीलंकेहून भारतात आणली गेली.

विणीच्या दिवसांत नर काळाभोर होतो. उथळ पाण्यात, तळाशी तो तोंडाने माती उचलून बशीसारखा खळगा करतो. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून घेते. गिळत मात्र नाही बरं का! तोंडातल्या तोंडात ती अंडी हलवत राहते, म्हणजे त्यांना ताजं पाणी आणि प्राणवायू मिळतो. तीन ते पाच दिवसांत पिल्लं अंड्यातून बाहेर येतात, पण राहतात तोंडातच. पुढे पोहायला लागली, तरी धोका दिसला की धूम ठोकून परत आईच्या तोंडात! एवढे दिवस आई जवळजवळ उपाशीच.

आता एक कोडं. रोहूची मादी लाखो अंडी घालते, चिलापी काहीशेच. मग धरणात चिलापी एवढी कशी? कारण रोहूला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. चिलापीला साचलेलं चालतं. शिवाय ती वर्षातून अनेकदा विते. १९८० साली भीमेवर उजनी धरण झालं, वाहती नदी थांबली. असं पाणी चिलापीला फारच मानवतं.

तिच्यावर कितीतरी कोळ्यांच्या चुली पेटतात. पण मूळ माशांचं अन्न आणि जागाही तीच बळकावते. जगातल्या १०० उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत तिचं नाव आहे. आणि आफ्रिकेतल्या माहेरी? तिथे माणसाने नाईल चिलापी सोडली, दोघींचा संकर झाला आणि मूळ जातच धोक्यात आली!

मी वर्गात विचारलं, "मग चिलापी चांगली की वाईट?" एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ती आपण होऊन थोडीच आली? तिला आणलं कुणी?"

मला तिचं म्हणणं पटलं. म्हणून सांगतो, घरच्या काचपेटीतला मासा नकोसा झाला, तरी सिद्धेश्वर तळ्यात सोडू नका. ज्याला हवा त्याला देऊन टाका.