चिडलेला साप शांत कसा होतो? पाळीव सापाची निगा आणि आपला कायदा



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. तो पुस्तकातला नाही, आमच्या वर्गात घडलेल्या एका प्रसंगातून निघालेला आहे. म्हणून आधी तो प्रसंग सांगते.

श्रावण महिना होता, नागपंचमी दोन दिवसांवर आली होती. चौथीतला एक मुलगा सकाळी दप्तरासोबत प्लॅस्टिकची बरणी घेऊन वर्गात आला. बरणीत वीतभर लांबीचा, काळपट रंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप! तो आनंदाने म्हणाला, "बाई, मी हा पाळणार. मामाच्या मोबाईलवर बघितलं, तिकडची मुलं साप हातावर घेऊन टीव्ही बघतात."

माझ्या पोटात गोळा आला. पांढरे पट्टे म्हटलं की पहिली आठवते ती मण्यार. बरणी टेबलावर ठेवायला लावली, मुलांना बाहेर व्हरांड्यात बसवलं आणि सर्पमित्रांना फोन केला. तेवढ्यात त्या मुलाच्या बोटाकडे लक्ष गेलं. दोन-तीन बारीक ओरखडे. "पकडताना जरासा चावला बाई, पण दुखत नाही."

दुखत नाही, हेच वाक्य सगळ्यात भीतीदायक होतं. कारण मण्यारीचा दंश अनेकदा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. आम्ही सर्पमित्रांची वाट न बघता त्याला लगेच आरोग्य केंद्रात नेलं. सर्पमित्र शाळेत आले, बरणी बघितली आणि फोनवर सांगितलं, "हा कवड्या आहे, बिनविषारी." तरीही डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवलं. ते काही तास मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "बाई, मग तिकडच्या मुलांना साप का चावत नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचंच उत्तर आज आपण पाहूया.

तिकडची मुलं कोणता साप पाळतात?

अमेरिका, इंग्लंड अशा देशांत घरी पाळला जाणारा एक लोकप्रिय साप म्हणजे बॉल पायथन. हा अजगराच्या कुळातला छोटा भाऊ. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांत आढळतो. लांबी साधारण तीन ते पाच फूट. याला विष नसतं. घाबरला की हा डोकं मध्ये लपवून अंगाचा गोल चेंडू करतो, म्हणून नाव बॉल पायथन. बेनिनमधल्या विदा गावात या सापांचं मंदिरही आहे. आपल्याकडे नागाची पूजा होते, तशी तिकडे याची.

म्हणजे पहिला फरक लक्षात घ्या. व्हिडिओतला साप हा बहुतेक वेळा पैदास केंद्रात जन्मलेला, माणसाच्या हातांची सवय असलेला आणि बिनविषारी असतो. शेताच्या बांधावरून उचललेला नसतो.

साप चिडतो म्हणजे काय?

खरं तर साप "चिडत" नाही, तो घाबरतो. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, ओरडता येत नाही. मग तो अंगाने बोलतो. बॉल पायथनची ही भाषा अशी असते:

१. चेंडूसारखं गोळा होणं: "मला एकटं सोडा."
२. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे घेणं: "जवळ आलात तर झेप घेईन."
३. जोरात फुसकारणं: "हा शेवटचा इशारा."
४. घाण वासाचा द्रव सोडणं: "मी खाण्यासारखा नाही."

एवढं सांगूनही समोरचा ऐकत नसेल, तरच तो चावतो. हा झाला बचावाचा चावा. तो झटकन चावून लगेच सोडतो. दुसरा चावा असतो भुकेचा. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात आणि जिभेने तो वास टिपतो. उंदराला हात लावून तोच गरम हात पेटीत घातला, तर सापाला ते भक्ष्यच वाटतं. तेव्हा तो धरून ठेवतो, वेटोळे घालतो. अशा वेळी हात ओढायचा नसतो, कारण त्याचे दात आत वळलेले असतात. ओढल्यावर आपली जखम वाढते आणि सापाचे दातही तुटतात.

मग त्याला शांत कसं करतात?

जाणकार मंडळी काय करतात ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी, वेळ देणे. नवीन साप घरी आला की एक-दोन आठवडे त्याला अजिबात हातात घेत नाहीत. फक्त पाणी बदलायचं, साफसफाई करायची. तो नीट खायला लागला, की मगच पुढची पायरी.

दुसरी पायरी, खूण देणे. पेटी उघडल्यावर आकडीने किंवा कागदाच्या गुंडाळीने त्याच्या अंगाला हळूच स्पर्श करतात. रोज असं केलं की सापाला कळतं, हा स्पर्श म्हणजे जेवण नव्हे.

तिसरी पायरी, बाजूने उचलणे. वरून हात आला की त्याला घार-गरुडाची झडप वाटते. म्हणून बाजूने, अंगाच्या मधल्या भागाखाली दोन्ही हात घालून उचलतात. डोकं किंवा शेपटी धरत नाहीत.

चौथी पायरी, थोडा वेळ पण नियमित. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. हळूहळू सवय होते.

आणि कधी हात लावायचा नाही? जेवल्यानंतर निदान दोन दिवस, नाहीतर तो खाल्लेलं बाहेर टाकतो. तसंच कात टाकायच्या आधी. तेव्हा त्याचे डोळे निळसर-धुरकट होतात, त्याला नीट दिसत नाही आणि तो जास्त घाबरतो.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. साप कुत्र्या-मांजरासारखा लळा लावत नाही. त्याला आपली सवय होते. आपण धोका नाही एवढंच तो शिकतो.

निगा नीट नसेल तर साप शांत होणारच नाही

बऱ्याचदा सापाच्या रागाचं कारण त्याच्या पेटीत असतं. साप थंड रक्ताचा प्राणी, म्हणजे अंगाची उष्णता तो बाहेरून घेतो. म्हणून बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस उबदार, तर दुसरी २५ ते २७ अंश इतकी थंड ठेवतात. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर सापाचं अंग भाजतं. हवेत ओलावाही साधारण ६० टक्क्यांच्या आसपास लागतो. तो कमी पडला की कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

दोन्ही बाजूंना अंग चिकटून बसता येईल असा एकेक आडोसा लागतो. लपायला जागा नसलेला साप सतत भेदरलेला राहतो. स्वच्छ पाण्याचं भांडं कायम हवं. पाणी बरं का, दूध नाही! दूध हे सापाचं अन्नच नाही. नागपंचमीला दाखवला जाणारा नाग दूध पितो, तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून.

मोठ्या सापाला आठवडा-दोन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो. तोही गोठवलेला, मग वितळवून कोमट केलेला, आणि चिमट्याने दिलेला. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करू शकतो. तोंडाने श्वास घेणे, नाकातून बुडबुडे येणे, अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे दिसणे, ही आजाराची लक्षणं. तेव्हा पशुवैद्यच गाठावा लागतो. आणि सापाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात.

हे सगळं किती वर्षं? वीस-तीस वर्षं! अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात तर ६० वर्षांहून जास्त वयाच्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली. आज चौथीतल्या मुलाने साप पाळला, तर त्याला स्वतःची मुलं होईपर्यंत तो सांभाळावा लागेल.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहे. नाग, अजगर, धामण असे आपले साप पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे. परदेशी प्राणी पाळायचा तरी कायद्याची नोंदणी आणि कागदपत्रं लागतात.

कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा. रानातल्या सापाला बरणीत आडोसा नाही, ऊब-गारवा निवडता येत नाही, समोर सतत माणसाचा चेहरा. वर पाहिलेली एकही गोष्ट आपण त्याला देऊ शकत नाही. मग तो शांत कसा होणार? तो मरेल, किंवा चावेल. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात, मण्यारीचे साधारण उलट. पण घाबरलेल्या माणसाला, अंधारात, हा फरक कळत नाही. मोठ्यांचीही चूक होते.

म्हणून साप दिसला तर लांब उभं राहायचं, नजर ठेवायची आणि मोठ्यांना सांगायचं. सर्पमित्र किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो. कुणाला साप चावला तर १०८ ला फोन. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. चावलेला भाग न हलवता थेट दवाखाना. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साप चावला तर लपवायचं नाही. घरचे रागावतील म्हणून आमचा विद्यार्थी गप्प राहिला होता. पालकांनो, मुलांनी आपल्याला खरं सांगावं एवढी जागा घरात ठेवूया.

तो कवड्या सर्पमित्रांनी त्याच संध्याकाळी रानात सोडला. मुलगा अजूनही म्हणतो, "मला साप आवडतात." मी म्हणते, आवडू दे की! वाच, चित्रं काढ, कात्रजच्या सर्पोद्यानात जाऊन बघ, मोठेपणी त्यांचा डॉक्टर हो. आवड असणं चांगलंच. फक्त ती बरणीत भरायची नाही.

विचार करा व लिहा

१. साप चावण्याआधी कोणकोणते इशारे देतो?
२. पाळीव सापाच्या पेटीत दोन आडोसे का ठेवतात?
३. "साप दूध पितो" हे म्हणणं चूक का आहे?
४. तुमच्या मित्राने साप पकडून आणला, तर तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा.