कोणत्या झाडाची राळ?

सातेरी मधमाशीच्या पेटीत राळेचा चिकटा दिसत नाही; फटी बुजवायला ती आपल्या मेणावरच भागवते. युरोपीय मेलिफेराची पेटी मात्र उघडून पाहा. चौकटी अशा चिकटलेल्या असतात की लोखंडी पट्टी घालून उचकटाव्या लागतात. थंडीत तर कट्‌कन आवाज होऊन त्या सुटतात. हा तपकिरी चिकटा म्हणजे प्रोपोलिस. ढोबळमानाने निम्मी राळ, तीसेक टक्के मेण, उरलेल्यात सुगंधी तेले आणि पराग. मेण माशीच्या अंगचे, राळ झाडाची.

पण कोणत्या झाडाची? प्रयोगशाळेत गोळा गोठवून त्याची भुकटी करतात, ती ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवतात, गाळून पुन्हा थंड करतात. मेण वेगळे होते. उरलेला अर्क क्रोमॅटोग्राफीच्या बारीक नळीतून दाबाने सोडला, की त्यातली संयुगे आपापल्या वेळेला बाहेर पडतात आणि पडद्यावर एकेक सुळका उठतो. सुळक्यांची ही रांग झाडाच्या कळ्यांच्या अर्काशी ताडून बघायची.

युरोपातल्या नमुन्यांत बहुधा पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलँगिन निघतात. ती काळ्या पॉपलरच्या चिकट कळ्यांची खूण. ब्राझीलच्या मिनास जेराइसमधल्या हिरव्या प्रोपोलिसात उंच सुळका असतो आर्टेपिलिन-सीचा. तिथल्या माशा 'अलेक्रिम दो कांपो' या झुडपाचे कोवळे शेंडे कुरतडून आणतात, हिरवा रंग त्यातूनच येतो. अलागोआसच्या खाजणांतले प्रोपोलिस तर लालभडक, आणि त्याचे झाड आपल्या शिसवीच्या कुळातले, डालबर्जिया! त्यात फॉर्मोनोनेटिन सापडते.

म्हणजे नाव एक, रसायने निराळी. एका प्रकारावरच्या प्रयोगांचे निष्कर्ष दुसऱ्या प्रकारच्या अर्काच्या बाटलीला लावता येत नाहीत. तरी बाटलीवर फायद्यांची यादी लांबलचक असते, झाडाचे नाव तेवढे नसते.

भेसळवाले यापुढचे. चीनमध्ये पॉपलरच्या कळ्या-डहाळ्या उकळून काढलेला चीक प्रोपोलिस म्हणून विकला जाई. झाड तेच, त्यामुळे बरेचसे सुळकेही तेच. संशोधकांनी तो पॉपलरमधल्या सॅलिसिन या संयुगावरून पकडला. राळ चावून मऊ करताना माशीच्या लाळेतले विकर सॅलिसिनचे रेणू तोडून टाकते. कढईतल्या चिकाला माशीचे तोंड लागलेलेच नसते, म्हणून त्यात सॅलिसिन जसेच्या तसे उरते.