पडद्यावरच्या एका सेंटिमीटरात किती मीटर?

नकाशाचे प्रमाण तीन रीतींनी सांगतात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. ‘१ सेंटिमीटरला ५०० मीटर’ हे शब्दप्रमाण. ‘१:५०,०००’ हे संख्याप्रमाण. आणि नकाशाखाली भाग पाडून काढलेली पट्टी म्हणजे रेषाप्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात या तिन्हींचा अर्थ एकच असतो.

आता समजा, हा नकाशा झेरॉक्सच्या यंत्रावर लांबीरुंदीला दुप्पट करून घेतला. त्यावर छापलेला ‘१:५०,०००’ हा आकडा तसाच राहील. पण खरे प्रमाण झाले असेल १:२५,०००! पट्टीचे मात्र तसे होत नाही. नकाशाबरोबर तीही दुप्पट लांब होते आणि म्हणून खरीच राहते.

कागदाचा नकाशा क्वचितच लहानमोठा होतो. संगणकाच्या पडद्यावरचा मात्र बोट लावताच बदलतो. मग तेथील पट्टी दर वेळी नव्याने कशी आखली जाते? छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावर हर्सूल आहे. खाम नदीवरचा हर्सूल तलाव येथलाच. हाच परिसर पडद्यावर आणू आणि हिशेब करू.

एका ठिपक्यात किती जमीन?

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आंतरजालावरचे बरेच नकाशे शून्य पातळीवर, ध्रुवांजवळचा थोडा भाग सोडून, सारी पृथ्वी २५६ पिक्सेल रुंदीच्या चौरसात बसवतात. विषुववृत्ताचा घेर ४,००,७५,०१७ मीटर आहे. त्याला २५६ ने भागले की एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे १,५६,५४३ मीटर येतात.

नकाशा एका पातळीने मोठा केला की हे अंतर निम्मे होते. सोळाव्या पातळीपर्यंत ते सोळा वेळा निम्मे होते, म्हणजे त्याला ६५,५३६ ने भागले जाते. उत्तर येते २.३९ मीटर.

पण थांबा! हा हिशेब विषुववृत्तावरचा झाला. हर्सूल आहे सुमारे १९.९ उत्तर अक्षांशावर. तेथून पृथ्वीभोवती जाणारे अक्षवृत्त विषुववृत्तापेक्षा लहान, सुमारे ३७,७०० किलोमीटरचे आहे. तरीही या नकाशात दोन्ही वृत्ते सारख्याच लांबीची दिसतात. ही रीत मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ मधील प्रक्षेपणावरून आली आहे. तिच्यात लहान भागांचे आकार बिघडत नाहीत. पण विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे सर्व काही अधिकाधिक ताणले जाते.

ही ताण काढून टाकण्यासाठी अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे त्रिकोणमितीतल्या ‘कॉस’ने, गुणावे लागते. १९.९ अंशांची कोज्या ०.९४ आहे. २.३९ गुणिले ०.९४ म्हणजे सुमारे २.२५ मीटर. हर्सूलला सोळाव्या पातळीवर एका पिक्सेलमध्ये एवढी जमीन मावते.

पट्टी आखली जाते ती अशी

समजा, पट्टीसाठी जास्तीत जास्त १०० पिक्सेल जागा ठेवली आहे. तेवढ्या जागेत २२५ मीटर येतात. पण ‘२२५ मीटर’ अशी पट्टी वाचायला गैरसोयीची. म्हणून संगणक त्याच्या आतला सोयीचा आकडा निवडतो: २०० मीटर. मग २०० ला पिक्सेलमागच्या अंतराने भागून तो ८९ पिक्सेल लांबीची रेघ ओढतो. झाली पट्टी तयार!

आता पातळी न बदलता नकाशा श्रीनगरकडे सरकवा. तेथे अक्षांश सुमारे ३४ अंश आहे, म्हणून १०० पिक्सेलमध्ये फक्त १९८ मीटर मावतात. २०० मीटर बसतच नाहीत! मग पट्टी एकदम आखडते आणि तिच्यावर ‘१०० मीटर’ असे उमटते.

संख्याप्रमाणाची अडचण

संख्याप्रमाण काढायचे तर पिक्सेल पडद्यावर किती रुंद आहे, हे ठाऊक हवे. ते संगणकाला नेमके ठाऊक असतेच असे नाही. म्हणून तो एखादे माप गृहीत धरतो. ०.२८ मिलिमीटर धरले तर हर्सूलच्या आपल्या नकाशाचे प्रमाण सुमारे १:८,०२० येते. एका इंचात ९६ पिक्सेल धरले तर तेच सुमारे १:८,४९० होते. नकाशा एकच, आकडे दोन! वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टरने तोच नकाशा दाखवला आणि पिक्सेल २ मिलिमीटरचा झाला, तर खरे प्रमाण होईल सुमारे १:१,१२०. पट्टी मात्र भिंतीवरही २०० मीटरच दाखवील, आणि ते खरे असेल.

फुगलेला तलाव

कोज्येचा गुणाकार विसरला तर काय बिघडते? हर्सूलला लांबी सहा टक्क्यांहून अधिक वाढते. क्षेत्रफळ लांबी आणि रुंदी या दोहोंतून येते, म्हणून ते सुमारे १३ टक्क्यांनी फुगते. १०० हेक्टरांचा तलाव ११३ हेक्टरांचा भासेल! त्यावरून पाण्याचा अंदाज बांधला, तर जे पाणी तलावात नाहीच तेही हिशेबात धरले जाईल. शेताच्या मोजणीतही हीच चूक होईल.

म्हणून क्षेत्रफळ काढताना जाणकार दुसरे प्रक्षेपण घेतात. या भागासाठी यूटीएम पद्धतीचा ४३ वा पट्टा सोयीचा आहे. त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व, म्हणजे हर्सूलच्या जवळच आहे. त्यात १० किलोमीटरांमागे सुमारे ४ मीटर एवढाच फरक पडतो.

करून पाहा

पडद्यावर आपले गाव आणा. पट्टीची लांबी फूटपट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजा. पट्टीवर लिहिलेल्या मीटरांना त्या सेंटिमीटरांनी भागा. एका सेंटिमीटरात किती मीटर, ते मिळेल. त्याला १०० ने गुणले की तुमच्या पडद्यापुरते खरे संख्याप्रमाण हाती येईल. नंतर आपल्या शाळेच्या मैदानाची लांबी नकाशावर मोजा आणि टेप घेऊन प्रत्यक्षही मोजा. दोन्ही उत्तरे जुळतात का, ते तपासा.