विश्लेषण : स्मार्टवॉच दुरुस्त का होत नाही?

स्मार्टवॉच चांगले चालत असते, फक्त चार्जिंग दिवसभर पुरेनासे होते. दोन-तीन वर्षे रोज चार्ज केल्यावर लिथियम बॅटरीची क्षमता घटणारच. बॅटरी बदलता आली नाही, तर उरलेले धडधाकट घड्याळही कचऱ्यात जाते.

गुण कसे ठरतात?

अमेरिकेतील ‘आयफिक्सिट’ नवी उपकरणे खोलून दुरुस्तीयोग्यतेसाठी दहापैकी गुण देते. पहिला अडथळा स्क्रूचा की गोंदाचा, बॅटरीपर्यंत पोहोचण्याआधी काय काय काढावे लागते, सुटे भाग मिळतात का, हे त्यात पाहिले जाते. २०१५ च्या पहिल्या ‘ॲपल वॉच’ला ५ गुण मिळाले. बॅटरी निघत होती, पण सर्किट रेझिनमध्ये बुजवलेले. त्यातला एक भाग बिघडला तर सगळेच बदला!

गोंद काढायचा तर काच गरम करून पातळ पात्याने उचकटावी लागते. तेवढ्यात ती तडकली, की दुरुस्तीचा खर्च नव्या घड्याळाच्या किमतीला भिडतो.

पाण्याचे काय?

गोंदाशिवाय घड्याळात पाणी शिरेल, असा युक्तिवाद केला जातो. तो फारसा टिकत नाही. १९२६ च्या ‘रोलेक्स ऑयस्टर’चे मागचे झाकण आट्यांचे होते आणि पाणबुड्यांची घड्याळे अनेक दशके रबरी रिंगवरच पाण्याखाली जात आहेत.

गूगलचेच उदाहरण घ्या. २०२२ च्या ‘पिक्सेल वॉच’साठी दुरुस्तीचा पर्यायच नसल्याचे कंपनीने २०२३ मध्ये सांगितले होते. २०२५ च्या ‘पिक्सेल वॉच ४’मध्ये मात्र पट्ट्याखाली लपवलेले स्क्रू आणि रबरी रिंग आहे, बॅटरी व डिस्प्ले बदलता येतात. आयफिक्सिटने त्याला ९ गुण दिले. घड्याळ गोलच राहिले, पाण्यातही चालते.

ग्राहकाला हे कळणार कसे?

फ्रान्समध्ये २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही यांसारख्या वस्तूंवर दुरुस्ती निर्देशांक छापणे बंधनकारक झाले. स्मार्टवॉच त्या यादीत नव्हते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये अशाच निर्देशांकाचा अहवाल दिला. त्यातही सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासूनच सुचवली आहे. तेव्हा घड्याळ घेताना बॅटरी बदलून मिळते का आणि किती रुपयांत, हे दुकानातच विचारलेले बरे. स्वस्त घड्याळांबाबत बहुधा उत्तर मिळणारच नाही.