विकिपीडियाचे बदल वाहतात कसे?

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. सरकारी पाट्या आणि शिक्के बदलायला वेळ लागतो. मराठी विकिपीडियावर मात्र कोणीही केव्हाही 'संपादन' दाबू शकतो, आणि जुने नाव तर चौदा तालुक्यांच्या, गावांच्या, धरणांच्या, गडांच्या लेखांत विखुरलेले. कोणी नीट दुरुस्ती करतो, तर कोणी सरसकट 'शोधा आणि बदला' चालवतो. मग निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद पंधराव्या शतकात अहिल्यानगर वसवून मोकळा होतो.

अशा संपादनांवर लक्ष ठेवण्यासाठी विकिपीडियावर 'अलीकडील बदल' हे पान आहेच. आता नगरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या हौशी मुलांना भिंतीवरच्या पडद्यावर जिल्ह्याशी संबंधित संपादने घडतील तशी दिसायला हवी आहेत असे समजू. त्यासाठी विकिपीडियाकडून माहिती कोणत्या पद्धतीने घ्यायची?

पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो: ठरावीक वेळाने विचारत राहायचे. 'नवीन काही?' 'नाही.' एक मिनिटाने पुन्हा तेच. याला पोलिंग म्हणतात आणि तंत्रज्ञ मंडळी याच्याकडे उगाच नाक मुरडतात. फक्त मराठी विकिपीडिया पाहायचा असेल आणि मिनिटभर उशीर चालत असेल, तर माझ्या मते हाच पर्याय पुरेसा आहे. अडचण येते ती सगळ्या भाषांच्या विकी एकत्र पाहायच्या असतात तेव्हा किंवा हजारो लोक एकाच वेळी विचारू लागतात तेव्हा. बहुतेक उत्तरे 'नाही' अशीच असतात, आणि ती देण्यातच सर्व्हर दमतो.

म्हणून सर्व्हरनेच आपणहून सांगावे ही कल्पना पुढे आली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने सुरुवातीला त्यासाठी आयआरसी ही जुनी गप्पांची व्यवस्था वापरली. प्रत्येक विकीसाठी एक चॅनल, आणि प्रत्येक संपादनामागे त्यात एक ओळ. ती ओळ माणसाने वाचावी म्हणून रंगवलेली असे. प्रोग्रॅमला तिच्यातून शीर्षक, सदस्यनाव आणि सारांश उकरून काढावा लागे. शिवाय आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांपलीकडे जात नाही. इंग्रजीला ते ऐसपैस, पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइट खाते. 'अहमदनगर' लिहायला २१ बाइट लागतात आणि 'अहिल्यानगर'ला ३०. ('अलीकडील बदल'मध्ये एखाद्या लेखापुढे नेमके +९ दिसले, तर नाव एकाच ठिकाणी बदलले असावे असा अंदाज करता येतो.) लांब मराठी शीर्षक आणि त्यात लांब सारांश, म्हणजे ओळ भरलीच.

२०१४ मध्ये आरसीस्ट्रीम आले, वेबसॉकेटवर चालणारे. वेबसॉकेटची जोडणी सुरू होते साध्या एचटीटीपीने, पण लगेच दोन्ही बाजू दुसऱ्या नियमावलीवर जातात. मग ब्राउझर आणि सर्व्हर दोघेही हवे तेव्हा बोलू शकतात. एकाच मजकुरावर चारजण एकाच वेळी टंकत असतील तर हेच हवे. बदल पाहणाऱ्याला मात्र बोलण्यासारखे फार काही नसते. 'मला अमुक विकी दे' एवढे सांगितले की उरलेला वेळ तो नुसता ऐकतो. त्यात आरसीस्ट्रीम सॉकेट-आयओ या लायब्ररीच्या एका जुन्या आवृत्तीला बांधलेले होते, त्यामुळे जोडणाऱ्यालाही तीच जुनी आवृत्ती सांभाळावी लागे. आणि खरे दुखणे म्हणजे जोडणी तुटली की मधल्या वेळेतले बदल गेले ते गेलेच.

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात मोबाइलवर काम करणाऱ्याला हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. रेंज जाते आणि येते. पद्धत निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसावा. रेंज परत आल्यावर काय होते, हे आधी विचारावे.

२०१७ मध्ये विकिमीडियाने आरसीस्ट्रीम बंद केले आणि त्याच्या जागी इव्हेंटस्ट्रीम्स आणले. त्याची पद्धत आहे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, थोडक्यात एसएसई. ती समजायला विलक्षण सोपी आहे. ब्राउझर नेहमीसारखे एक पान मागतो. सर्व्हर उत्तर द्यायला लागतो आणि ते उत्तर संपवतच नाही. त्यातून साध्या मजकुराच्या ओळी येत राहतात. एका ओळीत घटनेचा आयडी, पुढच्या ओळीत माहिती, आणि मोकळी ओळ आली की ती घटना पूर्ण झाली. मजकूर यूटीएफ-८ मध्येच असावा असा नियम असल्याने मराठीचे हाल होत नाहीत. सगळे एचटीटीपीवरच चालत असल्याने वेबसॉकेट अडवणाऱ्या कॉलेजच्या प्रॉक्सीतूनही हे बहुधा निघून जाते.

खरी गंमत आयडीत आहे. जोडणी तुटली की ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि शेवटचा मिळालेला आयडी सोबत पाठवतो. नेवाशाच्या ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा मध्येच उठला, तरी अध्याय आणि ओवीचा आकडा लक्षात असला की तिथूनच पुढे वाचतो, तसेच हे. अर्थात पुढचे वाचायला पोथी जागेवर हवी. ते काम विकिमीडियाकडे काफ्का ही प्रणाली करते. घटना क्रमाने नोंदवून ती त्या काही दिवस जपून ठेवते. म्हणून तासाभराने रेंज आली तरी तासाभरातले बदल मिळतात. हे वारंवार लागतेच, कारण विकिमीडियाचा सर्व्हरही कोणतीही जोडणी सुमारे १५ मिनिटांनी स्वतःच तोडतो.

याची किंमतही आहे. आरसीस्ट्रीमवर एकच विकी मागता येत होती. इव्हेंटस्ट्रीम्सवर जगभरातल्या सगळ्या विकींचे बदल एकाच लोंढ्यात येतात आणि चाळणी आपल्यालाच लावावी लागते. मराठीचे चार थेंब मिळवायला मोबाइलचा डेटा उधळणे परवडणारे नाही. म्हणून मुलांनी तो लोंढा थेट पडद्यावर न आणता मध्ये एक छोटा प्रोग्रॅम एखाद्या सर्व्हरवर ठेवावा. 'विकी' या रकान्यात मराठीचा संकेत असलेल्या घटना तेवढ्या घ्याव्यात, सांगकाम्यांची (बॉटची) संपादने वगळावीत, आणि प्रवाह चालू आहे का हे तपासण्यासाठी विकिमीडिया मुद्दाम सोडते त्या कॅनरी घटना टाकून द्याव्यात. नाव बदललेल्या लेखांची स्थानांतरे संपादन म्हणून येत नाहीत, नोंद म्हणून येतात. नामांतराच्या दिवसांत तीच जास्त हवी असतात, तेव्हा ती चुकून गाळू नयेत. उरलेले बदल या प्रोग्रॅमने पुन्हा एसएसईनेच पडद्याकडे पाठवावेत. मध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याचे बफरिंग बंद करायला विसरू नये, नाहीतर बदल साठून एकदम ढिगाने येतील.

आयडी लक्षात ठेवण्याची जबाबदारी ब्राउझर पान उघडे असेपर्यंतच निभावतो. मधल्या प्रोग्रॅमने शेवटच्या घटनेची वेळ स्वतः फाइलमध्ये लिहून ठेवली, तर वीज जाऊन आल्यावर 'अमुक वेळेपासून पुढचे दे' असे सांगता येते. वेळेवरून मागितल्यावर सीमेवरची एखादी घटना दोनदा येऊ शकते. प्रत्येक घटनेला स्वतःचा वेगळा ओळखक्रमांक असतो, तो आधी आलेला असेल तर दुसरी प्रत पडद्यावर पाठवू नये.