शिडाची फळी आणि कोकणचा वारा

परतवाड्याहून किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी

• विंडसर्फिंग : फळी, डोलकाठी, शीड. सुकाणू नाही. डोलकाठी लवचीक सांध्यावर चहूकडे कलते. शीड पुढे झुकवले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवले की वाऱ्याकडे.

• खारे वारे : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे. मतलई वारे : रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. मतलईत पाणी सपाट, म्हणून सोपे वाटते. नवखा मात्र किनाऱ्यापासून दूर लोटला जातो.

• दूरच्या वादळाच्या लाटा इथला वारा पडल्यावरही येत राहतात.

• वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. १ नॉट : ताशी १.८५२ किमी.

• ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगचा समावेश : पुरुष १९८४, महिला १९९२. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत (२०२३) भारताच्या इबाद अलीला विंडसर्फिंगमध्ये कांस्य.

• जून-जुलैत राज्याच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते; तेव्हा मदतीला जवळ नौका असेलच असे नाही.